विरुद्धार्थी शब्द लिहा

मंगळवारी साडेआठला वर्ग सुटतो.
मग हॉल माझ्या ताब्यात:
खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावायच्या,
चहाची किटली विसळायची, फळा पुसायचा.
फळा पुसणाऱ्यानं तो वाचायचा नसतो. मी वाचतो.

जन्म ग्रिम्सबीतला, जन्मभर इंग्रजीच बोललो,
त्यातली वीस वर्षं तर वाऱ्यावर ओरडून.
शब्दाला पाठ असते
हे कुणी सांगितलं नव्हतं.

मिस ऑल्थॉर्प लिहिते हॉट, समोर कोल्ड.
फुल, समोर एम्प्टी.
इथवर सगळे सुखरूप.
मग ती लिहिते फास्ट,
आणि युराते, जी रात्रपाळीला
कारखान्यात हॅडॉक सोलते, म्हणते: स्लो.
तेस्फालेम म्हणतो: जेवण.
हसतात सगळे. पण त्याचा उपवास चालू आहे,
पंचावन्न दिवसांचा, त्याच्या गावच्या चर्चचा,
दूध नाही, अंडं नाही.
पोटातून आलेलं उत्तर चूक कसं म्हणायचं?

मी दाराशी झाडू घेऊन उभा. बोलायचं नव्हतं मला.
पण गोदीत बोट दोरखंडानं जखडली
की आम्ही म्हणायचो फास्ट.
म्हणजे पक्की. जागची हलणार नाही.
तोच शब्द, जो पळतो.

मिस ऑल्थॉर्पनं खडू खाली ठेवला.
"मिस्टर स्टॅनिफोर्थ, पुन्हा सांगा."
पुन्हा सांगितलं.
तेस्फालेमनं ते वहीत उतरवून घेतलं.
माझं बोलणं लिहून घेणारा
हा पहिलाच, पोलीस सोडले तर.

त्या रात्री एक कागद खुर्चीखाली सापडला.
शिलानचा असावा; अक्षरं अशी कललेली,
जणू उजवीकडून निघून त्यांना
वाटेत कुणी परत फिरवलंय.
होम, आणि समोर तिनं लिहिलं होतं:
होम ऑफिस.
आधी हसलो.
मग रचलेल्यातली एक खुर्ची काढून बसलो.

शेवटची ओळ तिनं रिकामी सोडली होती.
लेफ्ट, आणि पुढे नुसते ठिपके.
सोपंय की. राइट. शेंबडं पोरही सांगेल.

पण लेफ्ट म्हणजे गेला,
आणि लेफ्ट म्हणजे उरला.

थोरला ऑल्बर्ट जानेवारीत आइसलंडकडे गेला.
मार्चमध्ये एक फळी आली, बोटीच्या नावाची
अडीच अक्षरं असलेली.
गेला कोण आणि उरलं काय
हे विचारायला आईपाशी एकच शब्द होता.
धक्क्यावर उभी राहून तोच म्हणायची,
कधी दोनदा, कधी दिवसभर.
मी सहा वर्षांचा. मला वाटायचं
ती डावीकडे बघायला सांगतेय.
बघायचो.
तिकडे बर्फाचा कारखाना होता,
त्याच्या भिंतीवर बसलेले पक्षी,
आणि काही नाही.

ठिपक्यांवर मी काही लिहिलं नाही.
कागद तिचा आहे. घडी करून
साखरेच्या डब्याखाली ठेवलाय,
पुढच्या मंगळवारी देईन.

निघताना दिवा ऑफ केला.
म्हटलं, हा एक तरी शब्द सरळ वागतो.
तेवढ्यात दाराचा अलार्म
कानठळ्या बसवत वाजायला लागला,
आणि त्यालाही आम्ही, देवाशपथ,
ऑफच म्हणतो.