फॉर्म क्रमांक सदतीस

पुलगावहून वाढोण्याला जाणारी एसटी
तासभर पराटीतून हेलकावत होती.
मांडीवर पिशवी, पिशवीत छत्तीस फॉर्म भरलेले,
एक कोरा.
विषय: लष्करी परिचारिकांवरील कामाचा ताण
आणि त्याचा रुग्णसेवेवर होणारा परिणाम.
सर म्हणाले होते, चाळीस तरी हवेत.

निवृत्त मेजर सुलभा उईके
ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.
आखूड केस, सुती गाऊन
आणि छातीशी उलटं टाचलेलं घड्याळ.
“आता भात शिजवाच्या कामी येते,” म्हणाल्या.

मी वाचलं:
सेवेत असताना झोप अपुरी झाली असं वाटलं का?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमीच.
“अजून उठतो ना मी, रात्री दोनले.
अंगणात राउंड घेतो. बैलं मोजतो.
दोनच हायेत. तरी मोजतो.”
मी ‘नेहमीच’वर खूण केली.
बैलांसाठी रकाना नव्हता.

वरिष्ठांकडून पाठबळ?
“एका कर्नलसाहेबानं दिवाळीले काजूकतली देल्ली होती.”
आणि शेंगेतली अळी त्यांनी नखानं
अलगद बाजूला सारली.

चौदावा प्रश्न मी हळू वाचला,
तयार करताना वाचला नव्हता इतका हळू:
रुग्ण दगावल्यावर तुमची कोणी विचारपूस केली का?

तेवढ्यात गुणवंत नागोसे आला, लंगडत.
साखरेचा पाय, पट्टी सुटून चपलेत लोळत होती.
त्या उठल्या. हात धुतले.
बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, मनगटं,
हापशीखाली इतका वेळ
की त्याची नात बादली घेऊन खोळंबली.
“दुखते का?”
“नाई दुखत.”
“नाई दुखत, हेच तं वाईट हाय ना, बाप्पा.”
जुनी पट्टी कागदात, कागद चुलीत.
पुन्हा हात. पुन्हा बेचक्या.

मग शेंगांना हात न लावता:

“एक पोरगं होतं. एकोणीस वर्साचं. लय दूर डोंगराकडचं.
बर्फात बोटं गेलती, मंग बाकीचंबी चाललं.
त्याची भाषा वॉर्डात कोणालेच येत नोती.
रातभर काईतरी म्हणे. आई म्हणत असंन, पाणी म्हणत असंन.
हिंदीत बोलून पायलं. इंग्रजीत पायलं.
मंग मी थकली न् वऱ्हाडीतच बोलली,
हो ना रे राजा, आहो मी अठीच, कुठी जात नाई.
त्यानं डोये उघडले.
तो त्याच्या भाषेत, मी माह्या.
माह्या मायच्या बकऱ्यायची नावं सांगतली त्याले,
एकेकीची, वळख पटवून.
पाचले नावं सरली.”

मग?

“मंग का. चादर बदलली.
साडेपाचले त्या खाटेवर दुसरा आला.”

माझ्या कागदावर होतं: हो किंवा नाही.
पेन तसंच राहिलं.
हापशीखाली बादली भरून वाहत होती,
कोणी उचलेना.

निघताना त्यांनी माझा हात धरला.
मला निरोप वाटला.
पण दोन बोटं मनगटावर सरकली होती,
आणि नजर उलट्या घड्याळात.
“ब्याण्णव,” म्हणाल्या. “जेवली कावं तू?”

अपूर्ण फॉर्म वगळायचे असतात.
चौदाच्या पुढे तो कोरा होता, वगळला.
नमुना छत्तीसच राहिला. सर थोडे नाराज झाले.
निष्कर्ष: ताण मध्यम स्वरूपाचा.
प्रबंधाला निळी बांधणी झाली.

सदतीसावा माझ्या खणात आहे.
समासात माझ्याच पेन्सिलीनं: नाडी ब्याण्णव.
हल्ली मलाही रात्रपाळी नसताना दोनला जाग येते.
भाड्याच्या खोलीत मोजण्यासारखं काही नाही,
तर फॉर्म मोजते.
दर वेळी सदतीस भरतात.