पहिले सात दिवस वगळून

विठ्ठलवाडीच्या उतारावर, नदीकडे पाठ करून
दुधाणे पॅकेजिंग. आत शिरले की मी आधी भिंत बघते.
गाळाची रेघ साडेचार फुटांवर,
फोटोत टेपसकट.
यंत्रांचं नुकसान दुसऱ्या सर्व्हेअरने बघून नेलंय:
दोन मोटरी, गोंदाचं मशीन,
अकरा टन पुठ्ठा, ज्याची पाण्यात लापशी झाली.
ते दिसतं, त्याचा वासही येतो.
माझं काम त्यापुढचं.

पाणी आलं नसतं तर
ऑगस्टात इथून मोदकांचे किती खोके निघाले असते?
हेमलताबाई माझ्याकडे बघतात,
जणू मी त्यांची पत्रिका मागितली.

एकोणीस वर्षं हेच करते मी.
न आलेल्या महिन्यांचे ताळेबंद लिहिते,
पैशापर्यंत, बेरीज जुळवून.

विक्रीच्या वह्या गच्चीवर वाळत घातल्यात, विटांखाली,
पानं फुगलेली. शाई पसरली तरी आकडे शिल्लक आहेत:
गणपतीआधीचे वीस दिवस म्हणजे
वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा.
बुधवार पेठेतला एकच मिठाईवाला, चौदा हजार खोके.
यंदा त्याने पिंपरीहून उचलले.
"पुढच्या वर्षी येईल ना हो परत?"
मला काय माहीत. सहा महिन्यांपुढे पॉलिसी बघत नाही,
मीही बघत नाही.

मग वाचलेला खर्च.
वीज वाचली, गोंद वाचला, टेम्पोचं भाडं वाचलं.
पुराने तुमचं काय काय वाचवलं,
असं विचारावंच लागतं.
त्या पहिल्यांदा हसतात.
"दुपारचा चहा. आठ कप."

इलाही बागवान, डाय कटिंग, बावीस वर्षं.
मशीन बंद, पगार चालू.
"काम नव्हतं, तर पगार कशाचा?"
"रोज यायचा तो. डायची एकेक पाती डिझेलने पुसायचा.
नको येऊ, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"
मी लिहिते: कुशल कामगार टिकवण्यासाठी आवश्यक.
कंपनीला हेच वाक्य कळतं.

आता अवघड पान.
मे आणि जून. बारा टक्के घसरण,
नदी अजून पात्रात असताना.
"धाकट्या दिराने नऱ्ह्यात वेगळं युनिट टाकलं," त्या सांगतात,
"तीन गिऱ्हाइकं घेऊन गेला. दिवाळीचे फराळाचे डबेसुद्धा."
थोडं थांबून:
"तो पूर नव्हता का?"
मी पेन खाली ठेवते. पेन परत उचलते.
बारा टक्के वजा.

आणि पहिले सात दिवस वगळून, मी म्हणते,
ते सात दिवस कंपनी देत नाही.
"कुठले सात?"
नुकसानीच्या तारखेपासूनचे.

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.
विसर्गाचा मेसेज पहाटे पोचला,
तेव्हा शटर अर्धं पाण्यात होतं, तो पहिला.
दुसऱ्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात
हिशेबाच्या वह्या डोक्यावर.
तिसरा आठवत नाही.
चौथ्याला दिराचा फोन आला, त्यांनी उचलला नाही.
पाचव्या, सहाव्याला फावडी. शेजारच्या गॅरेजवाल्याचीही.
सातव्या दिवशी कटिंग मशीनच्या पोटातून
एक जिवंत खेकडा निघाला.
इलाहीने तो ओंजळीत धरून नदीपर्यंत नेला,
नांगी बोटाला लागली तरी सोडला नाही मध्ये.

मी काहीच लिहीत नव्हते.
रकान्यात शून्य आधीच छापलेलं असतं.

नऊ लाख बासष्ट हजार, अंदाजे, मी म्हटलं.
त्यांनी मागितले होते चौदा.
बाहेर मुठा जलपर्णी पांघरून पडली होती,
एवढीशी.

"आणि हा तुमचा कालावधी संपतो कधी?"
सव्वीस जानेवारीला.
"त्या दिवशी बँकेला सुट्टी असते,"
हेमलताबाई म्हणाल्या,
आणि इलाहीला हाक मारून चहा सांगितला.
तीन कप.