रंगाचा हौद

माग विकले. हौद कोण नेणार?
सूत रंगवायचा तो, साखर पेठेतला,
आता कढीपत्त्याच्या सावलीत.
नरसम्मांनी तीनदा घासला,
तरी एका कोपऱ्यात डाळिंबी रंग आहेच.

नळ पाचव्या दिवशी आला.
दोन रात्री पाणी उघडं ठेवलं,
औषधाचा वास जाईपर्यंत.

मग पिशवी, फुगलेली, आत मासा,
अर्धा तास पाण्यावर नुसती ठेवलेली.
आतल्या पाण्याला बाहेरचं कळू दे.
मी वरून ओढणी धरून. ऊन बेचाळीस.

गाठ सोडली.
गेला नाही कुठेच.
हातभर जागेत फिरत राहिला,
जिथे काच असायची
तिथे वळत.

"उंडनी," नरसम्मा म्हणाल्या, राहू दे.

संध्याकाळी बघते, तर दिसेना.
डाळिंबी कोपऱ्याशी
पाणी जरासं हललं.