अर्धा शेर मीठ

पुतण्याला प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा होता.
दाखल्याला वंशावळ, वंशावळीला जुना कागद,
आणि कागदामागे हिंडायला घरात रिकामी एकच, मी:
शाळेतून निवृत्त,
गोठिवलीच्या मढव्यांची, सासरी न टिकलेली लेक.

वंशावळीत माझ्यापाशी रेघ थांबते.
भावाच्या नावाखाली फांद्या, माझ्या नावाखाली पांढरं.
तलाठी म्हणाला, पद्धतच आहे, ताई.
तरी ठाण्याला गेले मीच.
अकरा मंगळवार, बायका देवीला जातात तशी.

दप्तरं लाल फडक्यात, गाठी अशा
की कुणी कधी सोडेल, असं बांधणाऱ्याला वाटलंच नसावं.
सगळं मोडीत.
ताम्हाणेकाका पानाला पन्नास रुपये घेत,
आणि भिंग सरकवता सरकवता मध्येच थांबत,
"हा कारकून दमलेला दिसतो हो, अक्षर बघा."

आमच्याकडे सांगत, आगर आपलं होतं.
बाबा कंपनीत बॉयलरपाशी उभे राहून पाय सुजवून घेत
आणि रात्री पाय बादलीत सोडून सांगत,
आपण चाकर नाही. आपण मीठ पिकवणारे.

आठव्या मंगळवारी काका वाचता वाचता थबकले.
मग आवाज खाली आणून:
"जोमा बिन पोशा, आगरी, मौजे गोठिवली.
झडतीत पदरी मीठ अर्धा शेर.
विचारिता बोलतो, मीठ मीच पिकविले.
बायको बाळंत आहे. पेजेस मीठ नव्हते."
खाली, सहा आठवडे सक्तमजुरी.

बायकोचं नाव?
काकांनी पान उलटलं. परत उलटलं.
"लिहिलेलं नाही."

झेरॉक्स मांडीवर घेऊन मासुंद्याच्या कठड्यावर बसले.
त्या बाळंतपणातलं मूल म्हणजे बाबांचे आजोबा.
म्हणजे आम्ही सगळी, दोन इमारती, चाळीस माणसं,
त्या अळणी पेजेवर उगवलेली.
खाल्ल्या मिठाला जागणे, वाक्यात उपयोग करा.
तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले मी.
एकाही पोरानं विचारलं नाही,
बाई, ज्याला खाऊच दिलं नाही, त्याच्या मिठाला कोण जागतं?

भाऊ भडकला.
"चोर व्हता का आपला आजा? न तू त्याचा कागूद घरान आनलास?"
मी म्हटलं, वाच तरी.
त्यानं वाचलं नाही. पण फाडलंही नाही.
दुसऱ्या दिवशी तो कागद
बाबांच्या फोटोमागे खोचलेला दिसला.

दाखल्याला लागणारा उतारा नवव्या मंगळवारी मिळाला.
तरी आणखी दोनदा गेले,
तिच्या नावासाठी.
काकांनी त्या दोन दिवसांचे पैसे घेतले नाहीत.
नाव मिळालं नाही.

सर्वपित्रीला गच्चीवर पान मांडलं.
खाली जिथे कोंड्या होत्या तिथे आता सेक्टरची बाग,
पोरं स्केटिंग करत होती.
वहिनी म्हणाली, अगं, नैवेद्याच्या पानावर मीठ वाढत नाहीत!
माहीत होतं.
वाढलं. चिमूट नाही, मूठभर.
जोमा म्हटलं, पोशा म्हटलं,
आणि तिच्यापाशी अडले.
"जोमाची बायको" म्हणवेना.
शेवटी नुसतंच, बाय.

कावळ्यानं वडा नेला, खीर लवंडली.
मिठाकडे कुणी पाहिलं नाही.

दिवसभर खाडीवरून दमट वारं येत राहिलं.
दिवेलागणीला पान उचलायला गेले,
तर मूठ निम्मी झाली होती
आणि पानाच्या शिरेतून, देठावरून,
गच्चीच्या लादीवर
पाण्याची एक बारीक खारी रेघ
माझ्या पायाशी येऊन पोचली होती.