अजोखी

बूट इथेच काढायचे, कालायू म्हणाला.
मोजेसुद्धा.
नऊ हजारांचे बूट. दुकानातल्या मुलीने
तळ वाकवून दाखवला होता,
कुठेही घसरणार नाहीत, मॅडम.
एका दगडावर ते शेजारी शेजारी ठेवले
देवळाबाहेर ठेवावेत तसे.

देऊळ अजून वर होतं,
तांबड्या कड्याच्या काखेत कोरलेलं,
आणि मध्ये शिडी नाही, साखळी नाही, कठडा नाही,
नुसत्या खोबणी,
किती पिढ्यांच्या बोटांनी झिजवलेल्या,
आतून उखळासारख्या गुळगुळीत.
इतके पैसे भरून, चार दिवसांची रजा जोडून,
मी तिग्रायमध्ये आले होते
ते या खोबणींसमोर उभं राहून
परत फिरायला, असं वाटलं.

कालायूचं वय मी विचारलं नाही.
दाढी पिंजलेल्या कापसाची.
टाचा अशा भेगाळलेल्या, की कातळ कुठे संपतो
आणि माणूस कुठे सुरू होतो, कळू नये.
तो माझ्या खाली उभा राहिला
आणि त्याने माझा उजवा पाय हातात घेतला.

मी पाय ओढून घेतला.

आमच्याकडे असं नसतं, कालायू.
वडीलधाऱ्याचा हात पायाला लागला
की पाप कुणाच्या खात्यात, ते ठरलेलं आहे.
आमच्याकडे पाय धरतात ते
नोकरी वाचवायला, जामीन मिळवायला,
पोरीच्या सासरच्यांपुढे.
माझ्या वडिलांनी एकदा धरले होते. मी दाराआड होते.
हे सगळं मी तुला कोणत्या भाषेत सांगू?

तो म्हणाला, अजोखी.
म्हणजे धीर धर, बाई. हे मला नंतर कळलं.
तेव्हा मला त्यात फक्त जोखीम ऐकू आली
आणि तिच्याआधीचा तो छोटासा अ.

मग कुलपात किल्ली घालावी
तसा त्याने माझा पाय खोबणीत घातला.
मग डावा. मग पुन्हा उजवा.
मी वर पाहिलं नाही, खाली तर नाहीच,
फक्त नाकापुढचा दगड पाहत गेले,
त्यावर एक मुंगी, ओझं घेऊन,
माझ्यापेक्षा बरी चाललेली.

आत अंधार, मेणाचा वास,
घुमटावर गोल बसलेले नऊ संत,
सगळ्यांचे डोळे टपोरे, आणि सगळे
जरा बाजूला पाहणारे,
जणू कुणी उशिरा आलंय.
पुजारी कातड्याची पोथी उलगडत होता.
लेतेब्रहान नावाची बाई
ऐंशी दिवसांच्या मुलीला पाठीशी बांधून
हाच कडा चढून आली होती, बारशासारख्या कशासाठी तरी.
पाणी पडलं तशी पोर किंचाळली.
सगळे हसले. संत सोडून.

मधली काही वर्षं इथे कुणीच आलं नाही,
कालायू उंबऱ्यावर बसून म्हणाला.
का, ते तो बोलला नाही.
मी विचारलं नाही.
खाली जवाची शेतं होती, पिवळी,
आणि काही शेतं नुसतीच.

उतरताना मी पुढे, लेतेब्रहान माझ्यावर.
पाठीवर पोर असल्याने तिला खालचं दिसत नसणार.
तिचा पाय हवेत चाचपडत होता.
कोण जाणे कुठून धाडस आलं,
मी एक हात सोडला, तिची टाच धरली,
खोबणीत ठेवली
आणि ऐटीत म्हटलं, अजोखी.

ती खळखळून हसली.
पाय उचलला
आणि दुसऱ्याच खोबणीत ठेवला,
मला न दिसलेल्या, चांगल्या.

खाली माझे बूट दगडावरच होते,
पण उलटे.
विंचू शिरतात, कालायू म्हणाला.
कुणी उलटे केले, ते त्यालाही माहीत नव्हतं.