अर्धा तास

कारखानीस डॉक्टरांनी सेंटर विकलं
तेव्हा दोन माणसं शिडी घेऊन आली, बोर्ड बदलून गेली.
फिनेल तेच राहिलं. मशिनं तीच. मीही तीच.

गोमीबाई, घणसोली गाव, मशीन नंबर चार.
मंगळ-गुरू-शनी, सकाळची पाळी.
पूर्वी चार तास,
आता साडेतीन.

वरून मेल आला, त्यात पेशंट हा शब्दच नव्हता.
खुर्ची होती. एका खुर्चीचे दिवसाला किती फेरे.
वरून म्हणजे कुठून, मी विचारलं.
मॅनेजर म्हणाले, फंड. त्याचा पत्ता कुठल्याशा बेटावर.
बेट म्हटलं की मला घारापुरीच दिसते.

चहा-बिस्किटं बंद झाली, ते एक वेळ चालेल.
फिल्टर किती वेळा धुऊन वापरायचा
तो भिंतीवरचा आकडा खोडून वर दुसरा लिहिला,
माझ्याच अक्षरात.

मशीन शिट्टी मारतं. मी सुया काढते, कापूस दाबून धरते.
उरलेला अर्धा तास
गोमीबाईंच्या पायांत उतरतो.
गेल्या महिन्यात जोडवी रुतली.
साबण लावून मीच काढली, बोट सोलवटलं थोडं.
त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली
आणि गाठ दोनदा चाचपून पाहिली.

त्यांची भातखाचरं सिडकोनं घेतली तेव्हा
बदल्यात साडेबारा टक्के मिळायचे होते.
फाइल फिरत राहिली. नवरा आधी गेला.
त्यामुळे टक्के त्यांना कळतात.
काल बिल उलटं धरून, मग सुलटं करून, म्हणाल्या,
"बाय, आमचं साडेबारा व्हतं. यांचं कवरं?"

बावीस.
मीटिंगमध्ये पडद्यावर पाहिलं होतं, शेजारी हिरवा बाण.
ठाऊक नाही, मी म्हटलं.

मग साडेतीन झाले तरी सुया काढल्या नाहीत.
कापसाचा डबा शोधला. सापडलेला पुन्हा शोधला.
गोमीबाईंचा डोळा लागला होता.
नोंदवहीत साडेतीनच लिहिले.

दारात इक्बाल मुकादम, चपला हातात घेऊन,
मघापासून उभा.
दुपारची रिक्षा त्याला चारला परत द्यायची असते.
घड्याळाकडे बघायचं तो टाळत होता,
माझ्यासाठी.