मंगळवार, साडेपाच

किल्ली शिपाई दादू परीट यांच्याकडे.
"भिशी काय हो मॅडम?" विचारतात दर वेळी,
आणि आम्ही हो म्हणतो.
भिशीला कुणी परवानगी मागत नाही,
अभ्यासगटाला मागतात.

विभागाच्या मागची खोली.
गंजलेले वजनकाटे, पोलिओच्या निळ्या शीतपेट्या,
बाळंतपण शिकवायची रबरी बाई,
कमरेपासून मांडीपर्यंतच, डोकं नसलेली.
तिच्यासमोर आम्ही.
पद्मजा उपाध्ये, प्रबंधाचं चौथं वर्ष,
पुण्याहून आलेले सर तिचं 'मी गेलो' अजून दुरुस्त करतात:
'गेले' म्हणा, बाळ.
यास्मिन जमादार, जिला आकडे कळतात,
तरी बैठकीत टिपणं लिहायला तिलाच बसवतात.
निकिता सोरटे, इंटर्न, सीपीआरच्या रात्रपाळीनंतर
अजून न झोपलेली.
मी.
आणि डबाभर भडंग.

पहिले चार मंगळवार नुसत्याच बोललो.
खरं सांगायचं तर एकदा रडलोही, ते इतिवृत्तात नाही.
पाचव्याला भांडलो, चहावरून:
स्त्रीवादावरची चाळीस पानं वाचून आलेल्या आम्ही,
आणि कप विसळत होती निकिता, सगळ्यांत लहान म्हणून.
यास्मिन म्हणाली, "हे पण घालते मी टिपणात."
घातलं.
तेव्हापासून आपला कप आपण.

वाचायचो ते असं:
एक वाक्य इंग्रजीतून, मग त्याचं मराठी,
मग ते मराठी आपल्या आत्याला ऐकवता येईल का, ते बघायचं.
'रुग्णाने सहकार्य केले नाही.'
कोण म्हणतंय? कुठल्या खुर्चीवरून?
तिला परत जायला एसटी होती का?
'कुटुंबाचा निर्णय.'
कुटुंब म्हणजे किती माणसं, नावं सांगा.
कडेच्या कोऱ्या जागेत प्रश्न दाटत गेले
आणि भडंगाच्या तेलकट लाल बोटांनी
कागद जागोजाग पारदर्शक झाला,
मागच्या पानावरचे आकडे पुढं दिसायला लागले.

सातव्या मंगळवारी अक्काताई आल्या.
आशा, राधानगरी रस्त्यावरचं गाव, सोळा वर्षं.
मीच बोलावलं होतं, आभार मानायला.
माझ्या लेखाचे फॉर्म त्यांनी भरले होते,
उंबरा उंबरा फिरून:
गर्भाशय काढलेल्या बायका,
वय, मुलं, खर्च, दवाखाना.
त्या खुर्चीच्या टोकाला बसल्या, पिशवी मांडीवर.
मी वाचून दाखवलं, ओळ ओळ मराठी करत.
'एकूण नमुना, चारशे बारा स्त्रिया.'
त्या भडंगातले शेंगदाणे वेगळे करत होत्या.
"चारशे तेरा," म्हणाल्या.

मला वाटलं, बेरीज चुकली.
यास्मिननं तर लॅपटॉप उघडला.
"न्हाई, बेरीज बरोबर हाय तुमची.
मी फॉर्म भरत हुतो न्हवं.
भरणाऱ्याला कोन इचारतंय?
तिसाव्या वर्षी काढलीया माझी."

पंखा गरगरत राहिला, असं लिहायची सवय आहे आपल्याला.
पण लाइट गेली होती मघाशीच,
कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.
पद्मजानं विचारलं, "ठरवलं कुणी?"
माझ्या फॉर्ममध्ये हा रकाना नव्हता.
अक्काताईंनी शेंगदाणे परत भडंगात मिसळले.
मग सांगत राहिल्या, पावणेसात, सात,
रंकाळा स्टँडवरची गाडी गेली असणार.
काय सांगितलं ते इथं नाही.
"लिवू नगासा," म्हणाल्या, "नुसतं ऐका."
यास्मिननं पेनाला टोपण लावलं.

लेख कधीच छापून आलाय.
त्यात चारशे बाराच आहेत.

कुलूप लावताना दादूंनी विचारलं,
"ह्या बारीला भिशी कुणाला लागली?"
"अजून चिठ्ठी काढली न्हाई," अक्काताई म्हणाल्या,
चप्पल शोधत, अंधारात.
पद्मजानं स्कूटर वळवून आणली,
डिकीतलं दुसरं हेल्मेट पदरानं पुसून त्यांना दिलं.
"बसा," म्हणाली, "गावापातूर सोडतो मी."